चित्रामागचं वाक्य

रायपूर,
सोमवार, ११ मार्च २०२४

चि. सौमित्र यास,

आशीर्वाद. नानांचे गुडघे आता बरे आहेत आणि ते रोज फाटकापर्यंत चालून येतात, असं तुझ्या गंधालीने परवा सांगितलं. बरं वाटलं. इकडे कॉलेजच्या परीक्षा सुरू आहेत, ऊन आत्तापासूनच कडक झालं आहे, कुंडीतला मोगरा मात्र तग धरून आहे. ख्यालीखुशाली एवढीच.

एकाच शहरात राहून ताई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. तुझी समता कॉलनी माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. पण फोनवर तू मला दोन मिनिटांत शांत करतोस. "ताई, काहून एवढी तापून राहिली, मी आहो ना," असं म्हणतोस आणि माझं बोलणं तिथेच संपतं. ह्या वेळी मला शांत व्हायचं नाही. म्हणून टाइप करते आहे. प्रत्येक ओळ संगणकाकडून दोनदा वाचून घेते आहे, म्हणजे रागात काही खोटं लिहिलं जायला नको. तूही हे पत्र स्वतः वाच. गंधालीला किंवा ऑफिसातल्या कोणाला "ताईने काय लिहिलंय ते थोडक्यात सांग" असं म्हणू नकोस. दुसऱ्याने थोडक्यात सांगितलं की काय होतं, त्याबद्दलच हे पत्र आहे.

आमच्या दृष्टिहीन मुलींच्या वसतिगृहातली फुलेश्वरी तुला आठवत असेल. गेल्या राखीला तुझ्या मनगटावर दोरा बांधून तुझं घड्याळ चाचपत बसली होती ती, दहावीतली. गुरुवारी सकाळी सातला वसतिगृहातून अंजनाबाईंचा फोन आला. पोरीला श्वास घेता येत नव्हता. तिला रिक्षात घालून त्या दवाखान्यात घेऊन आल्या, मी तिथे पोचले तोवर प्राणवायू लावला होता. त्या दिवशी तिचा गणिताचा पेपर होता. ती तोंडावरचा मास्क बाजूला सारून मला विचारत होती, "दीदी, राइटर ह आ गे होही का?" तिच्यासाठी पेपर लिहिणारा मुलगा केंद्रावर येऊन थांबला असेल, ह्याची तिला काळजी. वर्षभर गणित तिने माझ्याकडे केलं होतं. मी म्हटलं, थांबेल तो. तो साडेनऊपर्यंत थांबला आणि गेला.

तिथला डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "रहती कहाँ है?"

मी सांगितलं, सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या अलीकडे, जानेवारीपासून.

"वहाँ तो धूल बहुत है, मैडम."

"कम हो रही है," मी म्हटलं. "सरकारी साइट पर ग्राफ है."

त्याने स्वतःच्या फोनवर ती साइट उघडली. मग म्हणाला, "ये तो ऊपर जा रहा है, मैडम."

"नहीं. घट रहा है."

"मैडम, मैं देख रहा हूँ ना."

मला राग आला, सौमित्र. दिसतं म्हणून सगळं कळतं असं समजणारी माणसं मला रोज भेटतात. मी माझा फोन काढला, कानातली वायर काढून टाकली, तेच पान उघडलं आणि त्याला मोठ्याने ऐकवलं. फोन म्हणाला, "रेखाचित्र. सिलतरा. धूल के कण, मासिक औसत. स्तर लगातार घट रहा है."

डॉक्टरने दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले असावेत, कारण मग हळूच म्हणाला, "मैडम, चित्र तो वही है."

मी त्याला म्हटलं, त्या रेघेवरच्या एकेका ठिपक्यावर बोट ठेवा आणि आकडा वाचा. बाहेर पेशंट ताटकळत असूनही त्याने वाचले. एप्रिल १५८. मे १४९. जून ९७. जुलै ६४. ऑगस्ट ५८. इथपर्यंत तुझ्या कंपनीचं वाक्य खरं. मग सप्टेंबर ७१, ऑक्टोबर ११८, नोव्हेंबर १७१, डिसेंबर १९६. जानेवारीत थोडं कमी, १८८. शंभराच्या वर गेलं की लहान मुलांनी आणि दमेकऱ्यांनी जपावं, असं त्याच पानावर खाली लिहिलेलं आहे. ते वाक्य मात्र माझा फोन व्यवस्थित वाचतो.

काय झालं ते मला पाच मिनिटांत कळलं. तुला तर त्याहून लवकर कळेल. सरकारी खात्यासाठी तुम्ही ही साइट ऑगस्टमध्ये उभी केलीत. तेव्हा रेघ उतरत होती, कारण पाऊस होता. पावसात धूळ बसते, ह्यात कोणाचंही कर्तृत्व नाही. तुमच्या ऑफिसात कोणीतरी त्या दिवशीचं चित्र पाहून चित्रामागे एक वाक्य हाताने लिहून ठेवलं. ते डोळस माणसाला दिसत नाही, फक्त आमच्या कानात पडतं. चित्र दर महिन्याला नव्या आकड्यांवरून आपोआप पुन्हा काढलं जात होतं. वाक्य ऑगस्टमध्येच राहिलं. ते आकड्यांना जोडायला हवं होतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. ज्यांना चित्र दिसत होतं त्यांना वाक्य ऐकू येत नव्हतं. ज्यांना वाक्य ऐकू येत होतं त्यांना चित्र दिसत नव्हतं. सात महिने ते तसंच बोलत राहिलं आणि एकाही माणसाला चूक सापडण्याची सोय नव्हती.

डिसेंबरमध्ये पंडरी बाजारामागची वसतिगृहाची जागा आम्हाला सोडावी लागली, तेव्हा दोन घरं समोर होती. एक पुरानी बस्तीतल्या एका पाऱ्यात, गजबजलेल्या मोहल्ल्यात, वरच्या मजल्यावर, अरुंद जिना, खाली रहदारीचा रस्ता. दुसरं हे. सगळं तळमजल्यावर, चारी बाजूंनी भिंत, आत एवढं मोठं अंगण की चौदाही मुलींना काठीशिवाय पळता यावं. आक्षेप एकच होता, धूळ. त्या आक्षेपाचं उत्तर तुमच्या साइटने दिलं आणि जानेवारीत आम्ही मुलींना तिथे नेलं.

मुली खरंच पळाल्या, सौमित्र. पहिल्या दिवशी मी ओट्यावर बसून त्यांचे पाय ऐकत होते.

आता त्या घरातून बाहेर पडायचं आहे. पाऱ्यातलं घर अजून रिकामं आहे, मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. रविवारी समितीची बैठक आहे. पण समितीतली काही माणसं म्हणणार की थंडीत मुली कुठेही खोकतात, साइट तर वेगळं सांगते. म्हणून मला तुझ्या कंपनीचं पत्र हवं आहे. हे वाक्य ऑगस्टमध्ये हाताने लिहिलं होतं, नंतर कधीच बदललं नाही, सप्टेंबरपासून ते चूक होतं, एवढं लिहून खाली तुझी सही. आणि त्या चित्राखाली आकड्यांचा साधा तक्ता टाक. एका बाजूला महिना, समोर आकडा. तो आम्हाला ओळीओळीने वाचता येतो आणि मग घटतंय की वाढतंय ते आमचं आम्ही ठरवू. हा तक्ता पहिल्यांदा कधी मागितला होता ते तुला आठवतं. "ताई, दुसऱ्या टप्प्यात टाकू," असं तू म्हणाला होतास. तपासणी कोणी केली, कशी केली, हा प्रश्न वेगळा आहे. त्याबद्दल नंतर.

फुलेश्वरी आता माझ्याकडे आहे, बैठकीतल्या दिवाणावर. बाकीच्या तेरा तिकडेच आहेत.

पत्र शनिवारपर्यंत पाठव.

तुझी ताई


रायपूर,
सोमवार, १८ मार्च २०२४

सौमित्र,

आशीर्वाद आहेतच, ते रागाने कमी होत नाहीत. नानांना हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव. पहिलं दाखवलं नसशील.

तुझं पत्र आलं नाही. गुरुवारी तुझा आवाजी निरोप आला. मी तो सात वेळा ऐकला, म्हणून शब्दन् शब्द लिहू शकते: "ताई, झालं बघ, बदलून टाकलं. पोट्ट्याने चुकून तसंच ठेवलं होतं, मी त्याले झाडलं. आता वाक्य एकदम बरोबर आहे, चेक करून घे. लिहूनबिहून द्यायची गरजच नाही राहिली. कोणी काही म्हणणार नाही आता. तू टेन्शन नको घेऊ. अन् जेवली का?"

मी साइट उघडली. खरंच बदललेलं होतं. "अगस्त के बाद स्तर बढ़ा है. दिसंबर में सबसे अधिक." तक्ता नाही. कधी बदललं, आधी काय होतं, त्याची नोंद नाही. जणू ते पहिल्या दिवसापासून असंच बोलत आलं आहे.

आता रविवारी काय झालं ते ऐक.

बाबाराव अध्यक्ष आहेत, तुला माहीत आहे. रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले, माझ्यासारखेच दृष्टिहीन. मी सगळं सांगितलं. डॉक्टर, दोन फोन, ऑगस्टचं वाक्य. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच्या फोनवर साइट लावली. सगळ्यांनी ऐकलं.

"मॅडम," ते म्हणाले, "माह्या फोनवर तर वाढून राहिलं म्हणते."

"आता म्हणतं. गुरुवारी बदललं."

"कोणी?"

मी तुझं नाव सांगितलं. मग पद्मजाताई बोलल्या. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, हे घर त्यांच्या ओळखीतून मिळालं, अंगणात तुळस त्यांनी लावली. त्या वाईट बाई नाहीत. म्हणाल्या, "मीनल, तू डिसेंबरात घाईत असशील, नीट लक्ष दिलं नसशील. होतं असं. आणि साइट आठवड्यात बोलणं बदलते म्हणतेस, तर तिच्यावर तरी काय विसंबायचं? पण मग आपण डिसेंबरात मीनलचं ऐकून तिकडे गेलो आणि आता मीनलचं ऐकून परत यायचं का?"

कोणीतरी हसलं. मलाही दुसऱ्या कोणाबद्दल हे ऐकून हसू आलं असतं.

मी तयारी करून गेले होते. पुठ्ठ्यावर लोकर चिकटवून तो आलेख बनवला होता, कॉलेजात मागणीचा वक्र शिकवायला बनवते तसाच. खाली महिन्यांची ब्रेल अक्षरं, प्रत्येक आकड्याला एक गाठ. तो बाबारावांच्या हातात दिला. त्यांचं बोट ऑगस्टपर्यंत खाली आलं, तिथे थांबलं आणि मग वर चढू लागलं. डिसेंबरच्या गाठीपाशी ते म्हणाले, "हा तं जिना होय."

"हो."

"अन् हे आकडे कोणी दिले?"

"डॉक्टरने वाचून दाखवले."

"म्हणजे हेही ऐकीवच," बाबाराव म्हणाले. टोमणा नव्हता. चाळीस वर्षं दुसऱ्याने सांगितलेलं पुढे जोडून दिलेला माणूस आहे तो, त्याला फरक कळतो. "मॅडम, ज्याने साइट बनवली त्याचा कागद आणा. मंग मी कोणाचं ऐकत नाही, दुसऱ्या दिवशी ट्रक बोलावतो."

निर्णय पुढच्या रविवारवर गेला. सोमवारी धुळवड आहे, रविवारी बैठक झाली की मुली सणाला आपापल्या गावी जातील. परत कुठल्या घरी यायचं, ते त्यांना निघताना सांगावं लागेल.

तू ते वाक्य दुरुस्त केलंस आणि मला खोटं पाडलंस. हे तुझ्या मनात नव्हतं, हे मला माहीत आहे. तुझ्या मनात होतं की ताईचा त्रास मिटावा, कंपनीचं नाव खराब होऊ नये, खात्यातल्या साहेबांना कळू नये, आणि हे सगळं एकाच वेळी, कोणालाही काही न सांगता व्हावं. तू नेहमी असंच करतोस. तुझ्या लग्नाच्या वेळी पंडरीच्या कापडबाजारात मी जांभळी साडी मागितली होती. जांभळी मिळाली नाही. तू दुसरीच घेतलीस आणि सांगितलंस, जांभळी आहे, तुला फार शोभते. दोन वर्षं ती मी जांभळी म्हणून नेसले. कॉलेजातल्या एका मुलीने एकदा विचारलं, "मैडम, ये ग्रे आपको बहुत पसंद है ना?" तुला विचारलं तर म्हणालास, "तुले काय फरक पडते ताई, तू खूश होती ना." तेव्हा मी हसले. ती गोष्ट मी लोकांना तुझ्या प्रेमाची म्हणून सांगत आले. आता वाटतं, तेव्हाच चिडायला हवं होतं. मला रंग दिसत नाही, पण फरक पडतो. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मला दिसत होतं. जांभळा म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. वर चढणारी रेघ म्हणजे काय तेही.

तुमच्या त्या साइटच्या पहिल्या पानावर "सर्वांसाठी" असं लिहिलं आहे. ते वाचून मला आता शिसारी येते. सर्वांसाठी चित्र आणि आमच्यासाठी चित्राबद्दल कोणाचं तरी मत. तुम्हाला आकडे, आम्हाला दिलासा. डोळस माणसाला तुम्ही पुरावा देता आणि म्हणता, बघ आणि ठरव. आम्हाला एक वाक्य देता आणि वर अपेक्षा की आभार मानावेत.

हे मी लिहिलं, संगणकाने मला परत वाचून दाखवलं, आणि मी बराच वेळ पुढे टाइप करू शकले नाही. कारण मी आभार मानले होते.

तू निरोपात एक गोष्ट बोलला नाहीस. रविवारीही तू आला असतास तरी बोलला नसतास. बाबारावांना ते माहीत नाही, पद्मजाताईंना माहीत नाही. तुझ्या फायलीत एक कागद आहे. "दृष्टिहीन वापरकर्त्याकडून तपासणी केली, सर्व आलेख सुगम आढळले." खाली माझी सही. तू तो कागद काढला असतास तर माझं तोंड बंद झालं असतं. काढला नाहीस, मला वाचवलंस. गेला आठवडाभर मला सगळ्यांत जास्त राग ह्याचा येतो आहे, आणि तो तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

माझ्या रोजनिशीत त्या दिवसाचं पान आहे. परवा ते बोटाखाली घेतलं. तेवीस ऑगस्ट. "नवा रायपूरला गेले. सौमित्र घ्यायला आला होता. मोठं दालन, थंडगार, पावलं घुमतात. आलेखावर गेले, वाक्य स्वच्छ बोललं. तक्ता नव्हता. पुन्हा विचारणार होते, पण खात्याचे साहेब उभे होते आणि सौमित्रचा आवाज फार आनंदात होता. सही केली. शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या." पुढे मोगऱ्याबद्दल काहीतरी आहे.

बोलतं की नाही, एवढंच मी तपासलं. खरं बोलतं की नाही, हे तपासायची सोय नव्हती, आणि सोय नाही हे मला सही करताना माहीत होतं. मी अर्थशास्त्र शिकवते. आकडा दाखवल्याशिवाय निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलाचे मी गुण कापते. दर वर्षी कापते. त्या दिवशी माझ्या भावाचा आवाज आनंदात होता म्हणून मी पूर्ण गुण दिले.

ती शाल दवाखान्यात फुलेश्वरीच्या पायांवर घातली होती. तिने विचारलं, "बने मुलायम हे दीदी, कहाँ ले आए हे?" मी सांगितलं, मिळाली होती.

आता शेवटचं. हे मी पहिल्या पत्रात टाळलं, ह्या पत्रातही इथपर्यंत टाळत आले.

डिसेंबरच्या बैठकीआधी आम्ही ते घर बघायला गेलो होतो. मी, पद्मजाताई आणि अंजनाबाई. अंजनाबाई चौथीपर्यंत शिकल्या आहेत, अकरा वर्षं मुलींचा स्वयंपाक, कपडे, औषधं सगळं त्याच बघतात. मी आणि पद्मजाताई खोल्या मोजत होतो. अंजनाबाई अंगणात गेल्या, चपला काढल्या, फरशीवर चार पावलं चालल्या आणि परत आल्या. मला म्हणाल्या, "दीदी, मेरे तलवे देखो, करिया हो गे." मग काळे झालेले तळवे मला दिसणार नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी माझा हात धरून बोटं स्वतःच्या तळव्यावर फिरवली. बारीक, खरखरीत, कोळशाच्या भुकटीसारखं काहीतरी होतं. माझ्या बोटांना ते लागलं, सौमित्र. मी ते चोळलं, नाकाशी नेलं.

आणि मी त्यांना म्हटलं, "अंजनाबाई, वो पुरानी धूल है. ग्राफ में घट रही है."

त्या म्हणाल्या, "हव दीदी. आप मन पढ़े-लिखे हौ."

बस. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. बैठकीत मी त्यांचं म्हणणं सांगितलंसुद्धा नाही, कारण ते मला सांगण्यासारखं वाटलं नाही. मी तुमचं वाक्य सांगितलं. जानेवारीपासून त्या रोज दोनदा अंगण धुतात. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी परत झटकतात. मला कधी काही बोलल्या नाहीत. मला वाटत होतं, त्यांना स्वच्छतेची हौस आहे.

म्हणजे मला फसवलं कोणी? तुझ्या ऑफिसातल्या मुलाने एक वाक्य लिहिलं आणि विसरला. तू तक्ता दुसऱ्या टप्प्यावर टाकलास. पण पुरावा माझ्या बोटाच्या टोकावर होता. ब्रेल वाचणारं बोट, त्याच्यावर मी आयुष्य काढलं, आणि मी त्याच्याऐवजी फोनवर विश्वास ठेवला, कारण फोन शुद्ध बोलतो.

हे लिहिल्याने तुझा दोष कमी होत नाही. तसं समजू नकोस. मी माझ्याबद्दल कडक झाले म्हणजे तू सुटलास, हा हिशेब आपल्या घरात फार चालतो. आई असंच करायची, सगळं स्वतःवर घेऊन विषय मिटवायची, आणि मग कोणालाच काही करावं लागायचं नाही. मला विषय मिटवायचा नाही. आणखी किती जणांनी ते वाक्य ऐकलं असेल? दमेकरी मुलाला घेऊन तिकडे कामाला गेलेला एखादा, एखादी आजी? मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. गुपचूप बदललेलं वाक्य त्यांना परत जाऊन सांगणार नाही की मी चुकलो होतो. म्हणून साइटवरही लिही: सप्टेंबर ते मार्च हे वर्णन चुकीचं होतं. वर, पहिल्या पानावर, "सर्वांसाठी"च्या शेजारी. तक्ता टाक. प्रत्येक महिन्यावर कळ दाबून थांबता येईल असं कर. आणि वाक्य पुन्हा कधी हाताने लिहू नका. आकड्यांतून निघू दे. नाहीतर लिहूच नका.

खात्यातले साहेब नाराज होतील, पुढचं काम जाईल, ही भीती तू फोनवर न बोलताही मला ऐकू येते. जाईलही. फुलेश्वरीचा पेपर गेला आहे. ती आत्ता आतल्या खोलीत माझ्या जुन्या पुठ्ठ्यावर आलेख चाचपत बसली आहे आणि मला विचारते आहे की पुरवणी परीक्षेला आलेखाचं गणित येईल का. मी म्हटलं, येईल.

रविवारसाठी मी एक कागद तयार केला आहे. त्यात तीन परिच्छेद आहेत. पहिल्यात ऑगस्टची सही; दालन, टाळ्या, शाल, सगळं. दुसऱ्यात अंजनाबाईंचे तळवे. तिसऱ्यात तुझ्या कंपनीचं वाक्य, ते कोणी लिहिलं, किती महिने चूक राहिलं आणि गुरुवारी कसं बदललं. छापून झाल्यावर अंजनाबाईंना बोलावलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. त्यांना वेळ लागला, बोट ठेवून ठेवून वाचलं. दुसऱ्या परिच्छेदावर त्या थांबल्या, हे कशाला लिहिलं म्हणून. म्हणाल्या, "ये काबर लिखे हौ दीदी, मैं तो कुछू नइ कहे रहेंव." मी म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, म्हणून लिहिलं. मग त्यांनी पुढचं वाचलं. प्रत्येक ओळ मी लिहिली तशीच आहे, ह्याची खात्री झाल्यावर खाली सही केली. त्यांनीही केली, माझ्या डाव्या बाजूला.

उजवीकडे तुझ्यासाठी जागा सोडली आहे. ती किती आहे ते मला दिसत नाही. अंजनाबाईंनी मोजून सांगितलं, चार बोटं.

रविवारी सकाळी दहाला मी त्या अंगणात असेन. तू आलास तर चपला काढून आत ये. नाही आलास तर कागद असाच वाचला जाईल, रिकाम्या चार बोटांसकट, आणि त्या रिकाम्या जागेचं वर्णन मी कोणाला दुसऱ्या शब्दांत करून सांगणार नाही.

ह्या वेळी तपासून सही करणारी,
तुझी ताई
मीनल